विमलाबाईंचा जावई रोज खाली जातो

शर्यतीत पहिल्या तिघांत आलो नाही तर मिशी उतरवीन, असं विश्वेशने भर जेवणात जाहीर केलं. त्याला मिशी नव्हती, पण जाहीर करण्यात माणसाने कसर ठेवू नये. बायको शर्मिष्ठा खूश झाली. सासूबाईंना, म्हणजे विमलाबाईंना, शर्यत कसली ते नीटसं कळलं नव्हतं, पण जावई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवतोय एवढं कळलं. त्यांनी न विचारता त्याच्या पानात आणखी भात वाढला.

आता हा विश्वेश कोण, ते सांगायला हवं. पुण्याचा माणूस. दिवसा कॉम्प्युटरवर काम आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावरून सायकल खाली सोडायची, असा त्याचा संसार होता. साधी सायकल नव्हे. जाडजूड टायर, पुढेमागे हातभर सस्पेन्शन, आणि चालवणारा अंगभर चिलखत घातलेला. डोंगरमाथ्यावरून एकेकाला सोडतात, जो सर्वांत लवकर खाली पोचेल तो जिंकला. अशा शर्यतींत विश्वेशचं नाव होतं. मग इकडे विमलाबाई पडवीत घसरून पडल्या, पाय मोडला, घरात दुसरं कोणी नाही. शर्मिष्ठाने मालवणात शाळेत नोकरी धरली, पुण्याचं घर भाड्याने दिलं, आणि नवरा-बायको सामानासकट मालवणजवळच्या या वाडीत आली. मे महिन्यापर्यंत राहून बघू, विश्वेशचं मन रमलं तर राहू, नाहीतर परत, असं दोघांचं ठरलं होतं.

मन काही रमत नव्हतं. काम फणसाखाली बसून होत होतं, कारण नेटवर्क तिथेच यायचं. सायकल मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, नारळाच्या सोडणांवर पडून होती. वाडीत त्याला स्वतःचं नावसुद्धा उरलं नव्हतं, जो तो ‘विमलाचो जावय’ म्हणायचा. शर्मिष्ठा काही बोलायची नाही, पण तो पुण्याच्या मित्राशी फोनवर हसून बोलला की ती हातातलं काम टाकून ऐकत राहायची. पाय धड नसलेल्या आईला पुन्हा एकटं टाकून जायचं, या विचाराने तिला झोप लागत नव्हती.

अशात मालवणच्या हौशी सायकलवाल्यांनी शर्यत काढली, आणि तीही थेट यांच्याच वाडीतून! वरचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, ते खालचा समुद्र, मधे आपली पाखाडी. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. ती प्रत्येकाच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, तुळशीला वळसा घालून, विहिरीच्या कडेने, देवळापाशी काटकोनात वळून खाली उतरते. चालत उतरतानाही माणूस देवाचं नाव घेतो. विश्वेशने ती शर्यतीच्या नजरेने पाहिली आणि त्याचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला.

विमलाबाईंचं घर वाडीत सर्वांत वर. विश्वेश सकाळी हेल्मेट, गॉगल, छातीवर कवच, गुडघ्याला पॅड असा सजून सड्यावर जायचा आणि स्वतःला खाली सोडायचा. खाली समुद्रावर शादाब आपली पिकअप घेऊन तयार असायचा. शादाबचे वडील महंमदचाचा पाखाडीच्या पायथ्याशी मासे विकतात, आणि शादाब मासळीच्या क्रेट घेऊन पलीकडच्या अंगाने, डांबरी रस्त्याने सड्यावरून मालवणात जातो. जाता जाता तो सायकल आणि सायकलवाला दोघांनाही बर्फात टेकवून वर आणून सोडायचा. विश्वेशच्या चिलखताला तारल्यांचा वास लागला, पण त्याची छाती अभिमानाने फुगली.

आता या व्यवस्थेत एक खोट होती आणि ती त्याच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. वाडीला तो फक्त खाली जाताना दिसत होता. वर येताना कधीच दिसत नव्हता.

त्यात दुसरी गोष्ट. आमच्याकडे पाखाडीवरून कोणी गेलं की खळ्यातला माणूस विचारणारच, “खंय चललंस?” म्हणजे कुठे चाललास. हातात कळशी घेऊन विहिरीकडे निघालेल्या बाईलाही विचारतात. विश्वेश सुभद्राकाकीच्या खळ्यातून गेला. काकीने विचारलं, “खंय चललंस रे?” विश्वेश दगडावरून उडून पुढच्या पायरीवर. देवळाच्या वळणावर गंगारामआजोबा सुपारी कातरत बसलेले. त्यांनी विचारलं. विश्वेश वळणात आडवा होऊन गायब. खालच्या दोन्ही घरांनी विचारलं, तिथेही तेच. तोंड झाकलेला माणूस, एक शब्द न बोलता, मागे न बघता, खाली. दुसऱ्या दिवशी परत तसाच. तिसऱ्या दिवशीही.

वाडीने दोन अधिक दोन केले. विमलाचा जावई रोज सकाळी घर सोडून जातो, आणि शादाब बिचारा त्याला समजावून मागच्या रस्त्याने घरी आणून घालतो.

मग वाडी हळहळली. आणि आमची वाडी हळहळली की नुसती बसत नाही. सुभद्राकाकी घावण्यांचा डबा घेऊन विमलाबाईंकडे आली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, की घरात जावई असला म्हणजे सासूने जरा नमतं घ्यावं, उगाच तिखट होऊ नये. विमलाबाईंना वाटलं, परवाच्या कढीबद्दल बोलतेय. पुण्याचा माणूस, जिभेला सवय नसेल, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आमटीत मिरची घालणंच बंद केलं. विश्वेशला वाटलं, सासूबाईंच्या तब्येतीचं पथ्य असेल. तो मुकाट्याने पांचट आमटी गिळू लागला आणि आठवड्यात उतरला. मग काय, वाडीला पुरावाच मिळाला.

गंगारामआजोबा वाडीतले वडीलधारे. त्यांनी ठरवलं, आपण जावयाशी पुरुषासारखं बोलायचं. ते संध्याकाळी फणसाखाली आले, विश्वेशच्या शेजारी दगडावर बसले, घसा खाकरला.

“जावयबापू, माका खरा सांग. त्रास खंय होता तुका?”

विश्वेशला भरून आलं. इतक्या दिवसांत पाखाडीबद्दल आपुलकीने विचारणारा हा पहिला माणूस. “वरती काही नाही, आजोबा,” तो म्हणाला. “देवळापाशी आलो की हात थरथरायला लागतात.”

देवळापाशी म्हटल्यावर आजोबा गंभीर झाले. “आणि मनात काय येता?”

“एकदा सुटलो ना, की मग थांबू नये असं वाटतं.”

“मागे बघूचासा वाटणा नाय?”

“मागे बघितलं की पडलोच म्हणून समजा.”

आजोबांनी उपरणं डोळ्यांना लावलं.  मग त्यांनी शेवटचं विचारलं, “आणि आमच्या शर्मिष्ठेचा काय म्हणणा?”

“तिचा पूर्ण पाठिंबा आहे,” विश्वेश कौतुकाने म्हणाला. “कालच म्हणाली, जा, अजिबात घाबरू नकोस, माझी काळजी करू नकोस.”

आजोबांना उठताना हात द्यावा लागला. विश्वेशने तो दिला, आणि म्हातारा माणूस आपल्यासाठी एवढा वर चढून आला म्हणून झोपेपर्यंत खुशीत राहिला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सायकलवाल्यांचा प्रमुख देवळाच्या मांडवात आला. वाट लोकांच्या खळ्यांतून जाणार, म्हणजे घराघराचा होकार हवा. सगळी वाडी जमली. विमलाबाई काठी टेकत आल्या, शर्मिष्ठा त्यांचा हात धरून. प्रमुखाने नम्रपणे समजावलं, की रविवारी सकाळभर पाखाडीवर कोणी पाऊल ठेवायचं नाही, शेवटचा सायकलवाला गेल्याशिवाय खळ्याबाहेर यायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग गंगारामआजोबा उभे राहिले आणि म्हणाले, की वाडीचा होकार आहे, येतील तेवढे सगळे खुशाल खाली जाऊ देत, फक्त विमलाच्या जावयाला सोडायचा नाही.

विश्वेशला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. त्याने उठून कारण विचारलं.

“कारण काय रे विचारतंस?” आजोबा म्हणाले. “आमच्या वाडीतसून आजवर कोणाचो जावय घर सोडून गेलेलो नाय. उद्या ह्या गर्दीत तू एकदा गेलंस, की शादाबाक तरी खंय सापडतलंस?”

मग सगळंच बाहेर आलं. तोंड झाकून रोज पळणं, शादाबचं परत आणून सोडणं, नमतं घ्यायचा सल्ला, जावयाचे उतरलेले गाल. विमलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. चार लोकांत आपल्या घराचं असं काही बोललं जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि आपण जाच करून जावयाला हुसकावतोय, असं अख्खी वाडी आठवडाभर समजून होती!

विश्वेशला हसू फुटलं. तो पोट धरून हसला. हसत हसत त्याने बायकोकडे बघितलं, आणि त्याचं हसू तिथेच जिरलं. शर्मिष्ठा हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाडीचं चुकलं होतं हे तिला कळत होतं, पण वाडी जे मोठ्याने बोलली, तीच भीती ती कित्येक महिने उशाला घेऊन झोपत होती.

त्याने मग हात जोडून सगळ्यांना समजावलं. हा खेळ आहे. खाली जायचं असतं.

“म्हणजे नुसता खाली जावक खाली जातंस?” आजोबांनी विचारलं.

“हो.”

“खाली काय काम नसता?”

“नाही.”

 घर सोडून जाणारा जावई वाडीला समजत होता. कामाशिवाय रोज खाली जाणारा समजायला वेळ लागला. सगळ्यांनी शादाबकडे बघितलं. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की खरं आहे, आपण ह्याला मासळीबरोबर वर आणतो, रडताना कधी बघितलेला नाही.

“ता असांदे,” सुभद्राकाकी म्हणाली. “पण आमी विचारतो तेचो जबाब कित्याक दिणा नाय हो?”

विश्वेश म्हणाला, की काकी, खाली चाललोय हे तर दिसतंच, त्यात सांगायचं काय?

तेव्हा विमलाबाई बोलल्या. इतका वेळ त्या खाली मान घालून बसल्या होत्या. “विश्वेशराव, तुमी खंय जातास, ता कोणाक जाणून घेवचा नसता. परको माणूस गेलो तर कोण तोंड उघडता? आपल्याच माणसाक विचारतत.”

 विश्वेशचे कान लाल झाले. मग त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं, की उद्या विचारणाऱ्या प्रत्येकाला जबाब देईन, एकालाही वगळणार नाही. त्या बोलीवर होकार मिळाला.

आता वाचकहो, जरा विचार करा. दिवस रविवार. रविवारी सकाळी आमच्याकडे मासे आणायला माणूस खाली जाणार म्हणजे जाणार, त्याला आजार आणि पाहुणे यांपैकी काहीही आडवं येत नाही. आणि नेमकी त्याच सकाळी पाखाडी बंद! मसाले वाटून तयार, चुली पेटलेल्या, आणि अख्खी वाडी आपापल्या खळ्यात अडकून पडलेली. ही गोष्ट ना सायकलवाल्यांच्या ध्यानात आली, ना विश्वेशच्या.

शर्यत सुरू झाली. कोल्हापूरचे, गोव्याचे, बेळगावचे सायकलवाले एकामागून एक सुटले. लोक बघत राहिले, टाळ्या वाजवल्या, पण कोणी कोणाला काही विचारलं नाही. विश्वेश स्थानिक, म्हणून त्याला सर्वांत शेवटी ठेवला होता. दोरी बाजूला झाली आणि तो सुटला. सडा संपला, पहिली उडी सुरेख बसली, हात एकदम हलके. कित्येक दिवसांनी त्याला स्वतःच स्वतःला सापडल्यासारखं वाटलं.

“खंय चललंस रे?” सुभद्राकाकी.

“दर्यार! येतंय!” विश्वेश हेल्मेटमधून ओरडला. समुद्रावर, येतो परत, एवढं रात्री शर्मिष्ठाकडून घोकून घेतलं होतं. ब्रेक न लावता जबाब दिला, म्हणून तो मनात स्वतःवर खूश झाला.

“दर्यार? मगे रव, रव! माका सुंगटा घेवन ये!”

सायकल पुढे गेली होती. मागून काकीचा आवाज आला, की पाहुणे यायचेत रे, घरात काही नाही. या आवाजाचं काय करावं हे पुण्यात कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याचा हात आपोआप ब्रेकवर गेला. काकी पिशवी घेऊन तुरुतुरु खळ्याच्या कडेला आली, हँडलला पिशवी अडकवली, आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलून आण म्हणाली.

ठीक आहे, विश्वेश मनात म्हणाला, एवढं भरून काढू. देवळाच्या वळणापर्यंत त्याने खरोखर जीव तोडून सायकल हाणली.

“खंय चललंस?” गंगारामआजोबा पिशवी घेऊन वळणावर उभेच होते. त्यांनी वरचं संभाषण ऐकलं होतं. पेडवे मिळाले तर पेडवे, नाहीतर तारल्या, पण तारल्यांचे डोळे बघून घे, महंमद माझं नाव सांगितलंस की बरोबर देतो. एवढं ऐकून घेईपर्यंत विश्वेशचा एक पाय जमिनीवर टेकला होता. शर्यतीत पाय टेकला की संपलं, हे त्याला माहीत होतं. आजोबांना माहीत नव्हतं, आणि सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

खालच्या दोन घरांपाशी तर तो न विचारताच थांबला. तिथे बांगडे हवे होते. एकाला मोठे, एकाला मध्यम.

शेवटच्या पायऱ्या उतरून विश्वेश समुद्रावर आला तेव्हा बक्षिसांचं टेबल मांडून झालं होतं. हँडलला पिशव्या लोंबत होत्या. सगळ्यांत शेवटचा नंबर, आणि तोही असा की वेळ मोजणाऱ्याला आधी वाटलं, हा प्रेक्षक असावा. माइकवाल्याने विचारलं, वाटेत काय अडचण आली?

“रविवार,” विश्वेश म्हणाला, आणि टेबलाला वळसा घालून महंमदचाचांच्या पाटीकडे गेला.

पाखाडी बंद व्हायच्या आधीच उतरून आलेली शर्मिष्ठा तिथेच उभी होती. नवऱ्याचा चेहरा बघायचा तिला धीर होत नव्हता. पण विश्वेश वाकून तारल्यांचे डोळे बघत होता. चाचांनी विचारलं, की हे सगळं एकट्याच्या घराला? विश्वेशने कोणाचं काय ते सांगितलं. चाचांनी मान हलवली आणि गंगारामच्या पिशवीत दोन पेडवे जास्तीचे टाकले.

शादाबची पिकअप परगावच्या सायकली घेऊन मालवणला निघून गेली होती. मासे तर लवकर पोचायला हवे. विश्वेशने हेल्मेट काढलं, सायकल ढकलत पाखाडी चढायला लागला, शर्मिष्ठा मागून कॅरिअर नसलेल्या सायकलला नुसताच हात लावून. वाडीने विमलाच्या जावयाला वर येताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

“इलंस?” खालच्या घराने विचारलं.

“इलंय,” विश्वेश धापा टाकत म्हणाला, आणि बांगडे दिले.

गंगारामआजोबांनी तर पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी वर तोंड करून हाक दिली, “गो सुभद्रा, इलो गो!” सुभद्राकाकीने ती वर पोचवली. विश्वेश अजून देवळापाशी असतानाच तो आल्याची बातमी वरच्या घरापर्यंत गेली होती. कोणी पाणी दिलं, कोणी सायकलीला हात दिला. कितवा आलास, हे एकानेही विचारलं नाही. शर्मिष्ठाला वाटेतच रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

विमलाबाई काठी टेकून खळ्यात उभ्या होत्या. इतके दिवस त्यांनी जावयाला ‘तुमी’ आणि ‘राव’ याखेरीज कधी हाक मारली नव्हती. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“इलंस बाबा?”

“इलंय, आई.”

विमलाबाईंनी डोळे पुसले. मग त्यांची नजर हँडलवर गेली. हँडल मोकळं होतं. “आणि आमचे खंय?”

विश्वेशने हँडलकडे बघितलं, शर्मिष्ठाकडे बघितलं. अख्ख्या वाडीचे मासे आणले आणि स्वतःच्या घरचे राहिले! तो मुकाट्याने सायकल वळवू लागला. शर्मिष्ठाने त्याच्या कोपराला धरलं. गेले कित्येक महिने जे ओठांवर येऊन परत जात होतं, ते तिने विचारून टाकलं, “पुण्याच्या भाडेकरूला काय सांगू?”

“राहा म्हणावं खुशाल,” विश्वेश म्हणाला. “आधी पिशवी दे.”

तो परत खाली निघाला. वाडीने विचारलं, खंय चललंस, त्याने सांगितलं, बांगड्यांक, येतंय, आणि कोणी मासे साफ करता करता मान वर केली नाही. शर्मिष्ठा आत जाऊन निवांत तांदूळ धुवायला बसली.

तो पोचला तेव्हा महंमदचाचा पाटी धुऊन घरी गेले होते. त्या रविवारी अख्ख्या वाडीत मासे शिजले. फक्त विमलाबाईंकडे अंड्याची आमटी होती, पण मिरची घातलेली.